गुण घसरले की बापाला मेसेज

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

जेवण गेलं नाही. आमच्या क्लासमधल्या वैष्णवीला आज तिचे वडील गावी, जळकोटला घेऊन गेले.

क्लासच्या कॉम्प्युटरवर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत मी छोटी सोय केली होती. ‘गुण घसरले’ अशी घटना घडली, की त्या घटनेला जोडलेली सगळी कामं आपोआप होतात. स्क्रीनवरच्या फळ्यावर नाव लाल होतं, क्लास चालवणाऱ्या सरांना कळतं, बापाला मेसेज जातो. किती खूश होतो मी!

दुपारी तिचे वडील ऑफिसात आले. मागे ती, हातात पेटी.

“मेसेज तुम्हीच धाडला ना?”

“मी नाही काका, कॉम्प्युटरनं,” मी म्हणालो. असं का म्हणालो?

वैष्णवी हळूच म्हणाली, “नासीरसर, पेपरादिवशी मला लई ताप होता. त्याला कळलं न्हाई का?”

नाही कळलं. ताप आला, अशी घटना मी लिहिलीच नव्हती.

“एक महिना थांबा, काका. पोरगी हुशार आहे.”

“स्थळ आलंय. ते थांबायचे न्हाईत,” ते म्हणाले आणि तिला घेऊन स्टँडकडे निघाले.

ताप होता. एवढंच तर सांगत होती ती. मी का नाही अडवलं?

तासाभरात सर म्हणाले, “जागा रिकामी झाली की प्रतीक्षायादीतल्या पुढच्या पालकाला मेसेज जाऊ दे.” मी प्रोग्रामला दोन ओळी जोडल्या. लगेच निलंग्याहून एका बापाचा फोन आला. पोरीला जागा मिळाली म्हणून रडत होता, मला दुवा देत होता.