न वाचता येणारी ओळ

ॲन आर्बर,
गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६

प्रिय सुलभामावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? काठी वापरतेस, की नुसती दारामागे उभी करून ठेवली आहेस? इथे थंडी लवकर आली. मी सायकल बंद केली, बसनं जाते.

संग्रहालयातलं भाषांतर संपलं का, असं तू फोनवर विचारलंस. संपलं. पण त्यातलं एक तुला सांगितलं नव्हतं.

युद्धात जर्मनांनी एक ब्रिटिश लढाऊ विमान धडधाकट पकडलं. त्याचं नाक कापलं, आपलं इंजिन बसवलं आणि उडवून पाहिलं. वर किती वेगानं चढतं, वजन किती घटलं. मूळ विमान नष्ट झालं. इथे त्याची हुबेहूब प्रतिकृती केली आहे. त्या जर्मन कार्यशाळेचा चाळीस पानी अहवाल मी इंग्रजीत आणला. विमान कुणी रिकामंच आणून ठेवलं होतं, असं तो वाचून वाटतं.

इथले हौशी लोक त्या इंजिनावरून हात फिरवतात. मागच्या शनिवारी विमानाच्या आकाराचा केक आणला होता. कुणीतरी आधी नाक कापलं, सगळे हसले. मीही एक तुकडा खाल्ला.

येत्या शनिवारी उद्घाटन. लोकांना वैमानिकाच्या सीटवर बसून फोटो काढता येतील. पहिला फोटो एडिथबाईंचा ठरला होता. पकडलेल्या विमानाच्या ब्रिटिश वैमानिकाची ही धाकटी बहीण, त्र्याऐंशी वर्षांची, नदीपलीकडे कॅनडात राहते. भाऊ कॉलिन विमान उतरवतानाच गेला, एवढंच त्यांना कळवलं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी मला विचारलं, “अहवालात कॉलिनबद्दल काही आहे?”

सातव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं एक ओळ आहे. जुन्या वळणाचं जर्मन अक्षर, तू मला पुण्याला दोन उन्हाळे शिकवलंस ते. इथे ते दुसऱ्या कुणाला येत नाही. त्या जागी मी कंसात लिहिलं, ‘अवाचनीय’. त्यांनाही तेच सांगितलं.

परीक्षितला ती ओळ नको होती. प्रदर्शन त्याच्याकडे आहे; आपल्यातलाच, इथे जन्मलेला.

नाही. हे खोटं आहे. मी त्याला विचारलंच नव्हतं. म्हातारीची दया आली, असं स्वतःला सांगितलं, तेही खोटं. त्याच आठवड्यात तो माझ्या कायमच्या नोकरीचं आणि व्हिसाचं वरच्यांशी बोलणार होता. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, मावशी. माझं मलाच सुचलं.

“वाचता येत नसेल तर तसं लिही, अंदाज करू नकोस,” असं तू म्हणायचीस. प्रामाणिक माणसासाठी दिलेली खूण मी कशाला वापरली बघ.

सोमवारी परीक्षितला खरं सांगितलं. तो म्हणाला, “शिवांगी, यार, आता कशाला? शी इज एटी-थ्री. फोटो काढू दे ना तिला.”

“त्याच सीटवर?”

“प्रतिकृती आहे ती. खरी सीट थोडीच आहे?”

मग म्हणाला, “तुझ्या व्हिसाचे पेपर्स माझ्या टेबलावर आहेत.” धमकी नव्हती. आठवण करून दिली, इतकंच. मला त्याची किळस आली आणि लगेच कळलं की ऑगस्टमध्ये मी हेच केलं होतं, तेही कुणी आठवण न करता.

काल एडिथबाईंना फोन केला. म्हटलं, ती ओळ वाचता येते. तेव्हाही येत होती.

त्या म्हणाल्या, “वाच.”

वाचली. “वैमानिक जखमी, शुद्धीवर. उपकरणांची माहिती पूर्ण मिळेपर्यंत हलवला नाही. दुपारी सीटवरच मृत. सीट धुऊन घेतली.”

“त्याला पाणी दिलं का?”

म्हटलं, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. या वेळी ते खरं होतं. पण त्यांनी ते खरं का मानावं?

शनिवारी त्या येणार नाहीत. सुधारलेलं पान मी परीक्षितच्या टेबलावर ठेवलं, माझ्या पेपर्सवरच. अजून त्यानं काही कळवलेलं नाही.

सातव्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवते. समास कडेपर्यंत घेतला आहे. माझ्या वाचण्यावर विसंबू नकोस. सावकाश, भिंगाखाली बघ. पाणी हा शब्द कुठे सापडला तर ताबडतोब फोन कर.

तुझ्याकडेच शिकलेली,
शिवांगी