काचेवरचा अनुस्वार

३ फेब्रु. ९७, सोम.
डोळे चुरचुरतात. दुपारनंतर मॉनिटरवरची अक्षरं दोन-दोन दिसतात. लग्नसराई, पत्रिकांचा ढीग पडलाय. छापखान्याचे मालक अण्णा म्हणाले, "मंदाताई, शिशाचे खिळे जुळवत होता तवा तुमची एक चूक निघत न्हवती. कॉम्प्युटर आला अन् काय झालं?" खिळे आपल्या डोळ्यांत रोखून बघत नव्हते.

५ फेब्रु., बुध.
बीडहून चष्मा आणला. फिकट पिवळी काच. दुकानदार म्हणाला, स्क्रीनची निळी किरणं अडवते. घातल्या घातल्या गार वाटलं. घरी वडिलांच्या, आबांच्या हातात दिला. त्यांना काही दिसत नाही, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. काचेवरून अंगठा फिरवला, चष्मा परत दिला. मीच म्हटलं, आता काळजी मिटली. आजीचेही डोळे असेच गेलेले. आमच्या घरात हे बोलत नाहीत.

१० फेब्रु., सोम.
नाक कापलं गेलं. चकलांबा गावातल्या लग्नाची पत्रिका. चि. सौ. कां. वंदनाची 'वदना' छापली. वेळ नव्हता म्हणून कागदावर प्रूफ काढलं नाही, स्क्रीनवरच वाचलं. 'व'वर टिंब होतं, शपथेवर सांगते. मग ओळ खाली सरकवली तर टिंब जागच्या जागी. मॉनिटरच्या काचेवरचा धुळीचा कण.
नवरीचा मामा अण्णांवर तडकला, "आमची पोरगी वंदना हाय, ही वदना कोण बे?" अण्णांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या. मला हळूच म्हणाले, जमत नसलं तर सांगा, बीडची एक पोरगी यायला तयार हाय.
काचेवरचा बिंदू. काचबिंदू. दिवसभर हेच डोक्यात.

१२ फेब्रु., बुध.
लाईट गेली. दुपारभर पायरीवर बसून समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. चष्मा आत टेबलावर. लाईट आल्यावर लक्षात आलं, चुरचुर नाही. म्हणजे चष्मा की नुसतं बसणं? उद्यापासून चष्मा न घालता, मधे मधे उठून बघते.

१६ फेब्रु., रवि.
चष्म्याशिवाय, उठत-बसत काम केलं: बरं. काल चष्मा घालून एका बैठकीत केलं: डोळ्यांत मिरची. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "नारायणगडाच्या जत्रेतून मी हिरवा गॉगल आणलता. लई गार वाटायचं. मग दवाखान्यात कशाला जायचं, म्हणलं." मग विचारलं, "तू गेलतीस का गं माय?"
नाही गेले. चष्मा घेतला त्या दिवशी डोळ्यांचा दवाखाना चष्म्याच्या दुकानाला लागूनच होता. पाटी वाचली आणि दुकानात शिरले. मला भीती वाटते. इथं तरी लिहून टाकते.

२० फेब्रु., गुरु.
बीड. दवाखाना. आबा हट्टानं सोबत आलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुरचुर किरणांची नाही. स्क्रीनकडे बघताना तुम्ही पापणीच लववत नसाल. मधे मधे उठत जा. चष्म्यानं बिघडत काही नाही, आणि होतही काही नाही." इतकं सोपं. उठून निघालेही होते. आबाच म्हणाले, "बाई, माझे डोळे काचबिंदूनं गेलेत. माझ्या आईचे बी." डॉक्टरीणबाईंनी मला परत बसवलं. डोळ्यांचा दाब मोजला. उजवा ठीक. डावा पुन्हा मोजला. म्हणाल्या, आत बघावं लागेल. थेंब टाकले.
आता बाकावर. चष्मा आबांच्या खिशात. थेंबांनी जवळचं सगळं पुसट, म्हणून अक्षर मोठं काढतेय. टिंबं दिसत नाहीत, अंदाजानं देतेय. आबा म्हणतात, "लिव्हतीस काय?" म्हटलं, काही नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवलाय, डावा.
नाव पुकारलं: मंदा. 'म'वर टिंब दिलंय, बरोबर पडलं का दिसत नाही.