मंजुळाबाईच्या चाकामागं

७ जानेवारी, रविवार
दिसलं नाय म्हणजे काय? उस्मानपुऱ्याच्या चौकात मी हातभर अंतरावर, हँडलला दोन्ही बाजूंनी गिऱ्हाइकांचे डबे लटकलेले. अक्का म्हणून हाक मारली. मंजुळाबाई थांबली, समोर बघितलं, मागं बघितलं, आणि गुमान चालती झाली. तीन वर्षं एकमेकींच्या चाकाला चाक लावून रेस खेळतोय. पंचेचाळीसच्या वरच्या बायकांच्या गटात आम्ही दोघीच. ती पहिली, मी दुसरी, दर वेळी. त्याचाच गर्व चढलाय. दुसरं काय.
मालक म्हणाले, ध्यान नसंल तिचं. यांना दुसऱ्याची बाजू घ्यायला लई आवडतं.

९ जानेवारी
इरादा पक्का. सीझनची शेवटची रेस ११ फेब्रुवारीला. चिकलठाण्यापासून करमाडच्या पुढं जाऊन परत, चाळीस किलोमीटर. पहिली मीच येणार. रोज पहाटे पाचला प्रॅक्टिस. भात बंद.
माझा डाव असा असतो. सगळा रस्ता तिच्या चाकामागं राहायचं, ताकद राखून ठेवायची आणि शेवटच्या किलोमीटरला बाहेर पडून पुढं जायचं. अजून एकदाही पुढं गेले नाय, ते निराळं. एकदा चेन उतरली, एकदा म्हैस आडवी आली, एकदा चष्म्यात चिलट गेलं.

१० जानेवारी
थंडी होती. उद्यापासून.

१५ जानेवारी, संक्रांत
भांडण मिटवायला मीच तिच्या घरी, करमाडला गेले. बसनं गेले, सायकलवर तिळगूळ सांडला असता. मंजुळाक्का ओट्यावर बसलेली. मी बाजूनं डबी पुढं केली. घेईना. माझा हात तसाच. तिचे मालक, पुंजारामभाऊ, आतून पळत आले, डबी घेतली आणि तिच्या समोर धरली. तेव्हा कुठं, अगं द्वारका, कधी आलीस, म्हणे.
असला तमाशा मला जमत नाय. चहा न घेता आले. बसस्टँडवर लई भूक लागली.

१७ जानेवारी
आमच्या सायकल क्लबच्या त्रिंबक सरांचा फोन. मंजुळाबाईंनी रेसमधून नाव काढलं. म्हणे डोळ्याला काचबिंदू. कडंचं दिसायचं गेलं, आता नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसतं. डॉक्टरांनी रोडवर सायकल चालवायची नाय म्हणून सांगितलं.
मला सांगू नका म्हणलं. माझ्या सासूला मोतीबिंदू होता. पिशोरच्या शिबिरात ऑपरेशन झालं, पंधरा दिवसात तांदळातले खडे वेचत होती. मंजुळाक्कानं उद्या ऑपरेशन केलं तर रेसपर्यंत तयार. सर म्हणाले, ते निराळं आणि हे निराळं, यात गेलेलं परत येत नाय. सर शिकलेले आहेत पण त्यांना सगळंच ठाऊक असतं असं नाय.

२१ जानेवारी
शेवटी मीच फोन केला. सरळ विचारलं, नजर अधू होती तर दर वेळी पुढं कशाला राहायचात. ती हसली. म्हणे, अगं, म्हणूनच पुढं. मागं राहिले असते तर तुझं चाक कुठं वळतंय ते दिसलं नसतं, पाडलं असतं तुला. दोन वर्षं झाली म्हणे.
मी म्हणलं, मंग मी मागं आहे का नाय हे कसं कळायचं तुम्हाला?
म्हणे, तुझं तोंड चालू असायचं ना. ते बंद झालं की मी हळू व्हायचे.
मी म्हणलं कुकरची शिट्टी झाली, ठेवते. गॅसवर कुकर नव्हता.

२ फेब्रुवारी
प्रॅक्टिस दोन वेळा झाली. डबे पोचवते तीही प्रॅक्टिसच धरावी. गटात आता मी एकटीच, म्हणजे पहिला नंबर ठरलेला. दोन तासांच्या आत रेस पुरी करायची, एवढीच अट. मागच्या वर्षी आम्ही पावणेदोन तासात आलो होतो. सर्टिफिकेटसाठी भिंतीवर खिळा ठोकला. मालक म्हणाले, एकटीच तर हरवणार कुणाला. मी म्हणलं, तुम्ही जेवा.
भात परत चालू केला. ताकद लागते.

११ फेब्रुवारी, रविवार, दुपार
वारा.
चिकलठाणा सोडलं आणि छातीवर कुणी हात ठेवून मागं लोटावं तसा वारा. वाटलं ब्रेक घासतोय. उतरून बघितलं, घासत नव्हता. वाटलं टायरमधली हवा गेली. हवा होती. एका माणसाला विचारलं, आज वादळ आहे का? तो म्हणाला, बाई, रोजचाच वारा आहे.
तीन वर्षं या रस्त्यावर तिच्या चाकामागं खेळले आणि मला हा वारा ठाऊक नव्हता.
करमाडला मंजुळाक्का रोडच्या कडंला उभी होती. एकटीच, डोक्यावर पदर, तोंड शहराकडं. मी रोडच्या पलीकडच्या कडंनं गेले. तोंड उघडायला दम नव्हता. ती तशीच शहराकडं बघत उभी राहिली, मी यायची वाट बघत.
परत येताना मान वर केली नाय. होती का गेली, ठाऊक नाय.
शेंद्र्याजवळ मागं राहिलेल्यांना उचलणारी रेसची व्हॅन आली. पोरगी म्हणाली, काकू, दोन तास झाले, बसा. सायकल वर टाकली. एकटीच्या रेसमध्ये मी हरले.
मालकांनी खिळ्याला दिनदर्शिका लावून टाकली.

१३ फेब्रुवारी
त्रिंबक सरांकडं दोन सीटची सायकल आहे, गोदामात पडून. मागच्यानं नुसते पाय मारायचे, बघायचं काम पुढच्याचं. चेन गंजलीय, ती मी घासून घेईन. सर म्हणाले, अशा सायकलीला कुठल्याच रेसमध्ये गट नाय, नंबर नाय, सर्टिफिकेट नाय. आणि नवा सीझन ऑक्टोबरात, तोवर मंजुळाबाईंना समोरचं तरी किती दिसत राहील, डॉक्टरलाही सांगता येत नाय. मी म्हणलं, तुम्ही चावी द्या.
पुंजारामभाऊंना फोन करून मंजुळाक्कासाठी निरोप दिलाय. इथंही लिहून ठेवते, नंतर मी बोललेच नाय असं नको व्हायला. पुढं मी बसणार. वारा मला लागंल. पाय तुमचे पाहिजेत, माझ्या एकटीच्यानं होत नाय. तोंड चालू ठेवीन.
शुक्रवारी संध्याकाळपर्यंत व्हय का नाय ते सांगायचं. नाय म्हणायचं असलं तर स्वतः फोन करून म्हणायचं, भाऊंच्या तोंडून चालणार नाय.