रमेशच्या गाडीचा चार्जर

बदनापूर, १४ डिसेंबर १९९४

बरेच महिने वही उघडली नाही, चूक माझीच. धाकट्या भावाला, रमेशला, अपघात झाल्यापासून लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं.

त्याच्या मोटरसायकलची बॅटरी उभ्या उभ्या उतरली. आज जालन्यात चार्जर बघितले. मोठा लवकर चार्ज करतो, लहान हळू, पण बॅटरीला जपतो. दुकानदारानं विचारलं, "गाडी रोज चालवता का?" काय सांगणार? रमेशचे पाय परत चालणार नाहीत, हे डॉक्टरांनी फक्त मला सांगितलंय. मग चार्जर नेणं म्हणजे त्याला फसवणं नाही का? न घेताच आलो.

घरात पाय ठेवताच त्यानं विचारलं, "आणला का, दादा?"

"दोन तऱ्हेचे आहेत. कोणता घ्यावा कळेना."

"लहान घे. कोणाला जल्दी आहे?" मग हसला. "मी काही आता चालवत न्हाई, कळतंय मला. तू शिकून घे. किती दिवस माझ्या मागं बसून फिरणार?"

मी पाणी आणायला म्हणून आत गेलो. त्याला कधीपासून ठाऊक होतं? इतके दिवस तोच मला सांभाळत होता का?

उद्या: लहान चार्जर आणणे.