वरणात पडलेलं कवेलू

५ मे २००९
टण्ण... सकाळपासून कानात तोच आवाज. बाबा अंगणात बसून छपराच्या कौलांतलं एकेक कवेलू बोटाच्या पेराने वाजवायचे. टण्ण वाजलं की छपरावर, भद्द वाजलं की उकिरड्यावर. मी ओट्यावर चौथीची कविता पाठ करायचो. प्रत्येक ओळीच्या शेवटी बाबांचं टण्ण. अजून ती कविता कवेलूशिवाय आठवत नाही.
ही आज नागपूरला गेली, लेकाकडे, प्रशांतकडे. काल वांदरं छपरावर नाचली अन् कवेलूचा तुकडा थेट चुलीवरच्या वरणाच्या गंजात. "आज वरणात पडला, उद्या डोक्यात पडन. टीन टाका, तवाच येईन मी."
टीन! ऊन तापलं की माणसाचा पापड. पाऊस आला की ताशा.

८ मे
प्रशांतचा फोन. "बाबा, दहा वर्षांमागे भंडारा-गोंदिया वेगळे झाले तेव्हा शेवटचे नीट फेरले होते कवेलू. जिल्ह्याचे दोनच तुकडे झाले, तुमच्या कवेलूंचे किती?" पावसाआधी टीनवाला पाठवतो म्हणतो. म्हटलं, थांब, सारे कवेलू उतरवून, फुटके बदलून छप्पर फेरून दाखवतो, आईला येऊन पाहू दे. मागून हिचा आवाज, "एक थेंब गळला तं वापस जाईन म्हणा!"
म्हणजे येणार. फक्त थेंब गळायला नको.

११ मे
मारोती कवेलू फेरायला आला. वर पाहून खालीच उभा. "काकाजी, हे काटे कायले टाकले?"
वांदरांसाठी. बाभळीच्या फांद्या, मीच टाकवल्या.
"वांदर काट्यावून उडी मारते. मी कसा चढू? काटे काढा, मंग सांगा."

१३ मे
काटे काढले. पायजमा फाटला, कवितेच्या दोन ओळी सुचल्या. जेवायला बसलो तर वांदरं वर हजर, जशी पत्रिका धाडली होती.

१६ मे
मारोती चढला एकदाचा. देवघरावरचा कोपरा उघडू देत नव्हतो. तिथे चिमणीची पिल्लं, पहाटे चिवचिव. हिलाही आवडतं ते. आठ ओळी झाल्यात त्यांच्यावर. मा.ने हात घातलाच.
"चिमण्या कायच्या काकाजी? उंदरं हायेत."
ओळी खोडल्या नाहीत. पिल्लं ती पिल्लंच.

१८ मे
अर्धं छप्पर उतरलं. अंगणात कवेलूंची रास. बाबांसारखा वाजवत बसलो. टण्ण, टण्ण, आणि चौथीची कविता आपोआप ओठांवर. तिसऱ्या कडव्याला सगळी भद्दच निघाली, तिथे अडकलो. मा. वरून ओरडला, "काकाजी, कवेलू द्या, गाणं मंग म्हणा!"

१९ मे
मा. नाही. घराला कुलूप. शेजारीण हसून हसून बेजार. "तेंदूपत्ता सुरू झाला न काकाजी! सारं गाव जंगलात पत्ता तोडून राहिलं. असं छप्पर कोणी मे मयन्यात काढते काय?"
बाबा होळी झाली की लगेच का फेरून घ्यायचे, ते आज कळलं. वय वर्षं सत्तर.

२१ मे
स्वयंपाकघर अन् माझी खाट, दोन्ही आभाळाखाली. आभाळ सुंदर. पण ढग... कवितेतले नव्हेत, खरे.
हिचा फोन. "झालं काय छप्पर?"
म्हटलं, "घर कसं मोकळं मोकळं वाटून राहिलं."
"अन् हवा?"
"भरपूर."
यात खोटं काय आहे?

२२ मे, दुपार
ढग तलावावर आले. ताडपत्री आणली, पण एकट्याने ओढवेना. वांदरं पिंपळावर बसून वरणाची वाट पाहताहेत. गडगड...
दाराची कडी वाजली. मारोती! देव पावला.

मारोती नाही. ही.
"फ्लॅटात जीव शिजून राहिला होता. तुमी म्हटलं, घरी हवा भरपूर हाय. म्हटलं चाला."
पिशवी ओट्यावर ठेवली. माठातलं पाणी मागितलंय. माठ स्वयंपाकघरात. इथे पाठ फिरवून काहीतरी लिहीत असल्याचं दाखवतो आहे.
चपला काढून राहिली. वर अजून पाहिलेलं नाही.