गाठीभोवतीचा उजेड

मॅडम,

आज सकाळपासून तुमच्यावर चिडले होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अवघड सीटी स्कॅन आला की माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहता, आणि बोलत मात्र काही नाही. सिल्वासाच्या या सेंटरवर विचारायला दुसरं आहे कोण?

राखोलीच्या धाग्याच्या कंपनीतला माणूस. अंगात ताप, यकृतात गाठ. शिरेतून डाय, रक्ताची वाट दाखवणारं औषध, सोडलं आणि स्कॅनच्या पहिल्याच फेरीत गाठीभोवतीचा यकृताचा मोठा तुकडा लख्ख पांढरा झाला. एवढं रक्त तिकडे धावलं कशाला? कॅन्सर पसरला असला तरी असं दिसतं, नुसत्या पुवाच्या सुजेनंही दिसतं. बाहेर त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली, भाऊ दारात उभा. तो म्हणाला, "मॅडम, कॅन्सर व्हई ते सांगी द्या. गाडी उभी शे, गावले लई जातस." पू असेल आणि तो न काढताच त्याला गावी नेलं, तर माणूस हकनाक जाईल.

शिकत असतानाची तुमची ती फिल्म बघायची खोली आठवली. मी फिल्मवर पट्टी लावून गाठ मोजतेय, आणि तुम्ही गाठीवर अंगठा ठेवता. "आता सांग." मी म्हणते, आता काहीच दिसत नाही. "मग इतका वेळ काय बघत होतीस?" सगळ्यांसमोर. घरी जाऊन रडले होते मी.

आज स्क्रीनवर अंगठा ठेवला आणि भोवतालचंच बघत बसले. पुढच्या फेरीत तो उजेड विरला, शेजारच्या यकृतात मिसळून गेला. म्हणजे गाठ तिथवर पसरली नव्हती, सुजेमुळे रक्तानं वाट बदलली होती. गाठीचा मधला भाग तर कुठल्याच फेरीत उजळला नाही, तिथे रक्त पोचतच नव्हतं. पू असावा. खात्री नव्हती. कॅन्सर निघाला तर सुईनं तो पसरवल्याचं पाप माझ्या माथी. तरी भावाला म्हटलं, "दादा, गाडी थांबवा. सुई घालून बघू." तो वहिनीकडे बघत राहिला. तीच म्हणाली, "बघा मॅडम."

जागा बधिर केली, सुई घातली, सिरिंज ओढली. काही नाही. सुई जराशी पुढे सरकवली, आणि चॉकलेटी पू भरभरून आला.

तो वाचेल, मॅडम. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. पू दिसला तेव्हा मी त्या माणसाकडे बघितलंच नाही. आधी मागे वळून बघितलं. तुम्ही मला एकदाही 'बरोबर' म्हणाला नव्हतात.