बेगमच्या डोळ्यांची दवा

मलकपेठ, हैदराबाद
२० जानेवारी १९५७

ती. दादास,
जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

राज्याचे तीन तुकडे झाले आणि तुझी बदली औरंगाबादला झाली, त्याला अडीच महिने होऊन गेले. जाताना कॉलेजच्या प्रयोगशाळेतली तुझी लाडकी बेगम माझ्या गळ्यात मारून गेलास. उंदीर तो उंदीर, पण शेपटीला गोंडा आहे म्हणून काय तिचा थाट! चार दिवसांपासून तिच्या उजव्या डोळ्यातून रक्त येतं आहे. पापणी चिकटते, मग पंजाने चोळत बसते. बघवत नाही.

आईचंही डोळ्यांचंच दुखणं. दोन्हीकडचा मोतीबिंदू पिकला आहे. परवा सगळा चहा कपाबाहेर ओतला. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. आई म्हणते, हिम्मत येऊन उशाशी बसेल तेव्हाच. दोन दिवसांची तरी रजा काढ.

लोभ आहेच, तो येऊन दाखव.
जयवंता


औरंगाबाद
२ फेब्रुवारी १९५७

चि. जयवंता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. बेगमच्या डोळ्यातलं ते रक्त नव्हे. या जातीच्या उंदरांच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते. धूळ गेली किंवा जीव घाबरला की तिच्यातून लाल पाणी झरतं. लाकडाचा भुसा घातलास ना? तो आधी काढ आणि जुन्या धोतराच्या चिंध्या घाल. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळा हलक्या हाताने पुसत जा. उन्हात नेऊ नकोस, फार वेळ एकटी सोडू नकोस. खाते का, झोपते का, सगळं सविस्तर कळव. आमच्या ऑफिसातला निवृत्ती तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर बोरिकच्या पाण्याची शीशी पाठवतो. सकाळ-संध्याकाळ दोन दोन थेंब.

इथे ज्येष्ठतेच्या याद्या चालल्या आहेत. आमची जुनी नोकरी धरायची की नाही, यावरच वाद. अशात रजा मागणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

ती. आईस सा. न.

लोभ आहे तसा राहू दे.
हिम्मत


मलकपेठ, हैदराबाद
३ मार्च १९५७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बेगम सोमवारी गेली. भुसा काढला होता, डोळाही पुसत होते, पण तिने खाणंच सोडलं. तुझं औषध मात्र तिला मिळालं नाही. का, ते ऐक.

निवृत्तीभाऊ आले तेव्हा मी सुलतान बाजारला गेले होते. हिम्मतरावांनी डोळ्यांची दवा दिली, एवढंच सांगून त्यांनी शीशी आईच्या हातात ठेवली. मी परत आले तर आई ती शेजारच्या तारामतीबाईंना दाखवत होती. पोरगा तिकडे एवढा परेशान आहे, तरी माझी याद ठेवतो, असं सांगत होती. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. तेव्हापासून ती रोज दोन थेंब घालते आणि थोडं दिसायला लागलं म्हणते. दिसत काही नाही. कालच चौकटीवर कपाळ आपटलं.

तुझं पत्रही तिला वाचून दाखवावं लागलं. त्यात तिच्या वाट्याला दोनच अक्षरं, सा. आणि न. मग मी बेगमच्या जागी आई वाचलं. कापूस, उकळलेलं पाणी, एकटी सोडू नकोस, झोपते का. उंदरांच्या आणि भुशाच्या ओळी तेवढ्या गाळल्या. तिने तीनदा वाचायला लावलं. माझ्या दुखण्याचं त्याला किती बारीक ध्यान आहे म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून बसली. मला तुझा इतका राग आजवर कधी आला नव्हता, दादा.

आता बेगम नाही. पुढच्या पत्रात तू कुणाची चौकशी करशील, आणि मी तिला काय वाचून दाखवू?

आई शेजारीच बसली आहे. दादाला काय लिहितेस, असं मघापासून विचारते आहे. तुझी दवा लागू पडली असं लिहिते, म्हणून सांगितलं.

लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही.
जयवंता